नऊशे सोळा नंबरचा गुडघा

माणूस रडत येवो की हसत, त्रिविक्रमच्या टेबलापर्यंत पोचला की त्याचा आकडा होऊन जाई. बेंगळूरच्या एका मोठ्या इस्पितळात तो नोंदी ठेवणारा कारकून होता. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं दुखणं जाड इंग्रजी पुस्तकात शोधायचं आणि त्याचा नंबर कोपऱ्यात टाकायचा, एवढंच काम. पायाला किरकोळ लागलेले सगळे नऊशे सोळात. मग तो सायकलवरून पडलेला असो नाहीतर विहिरीच्या काठाला घसपटलेला. डॉक्टरांनी पुढे प्रश्नचिन्ह टाकून काही शंका लिहिली असेल, तर ती सोडून द्यायची. शंकेला नंबर नसतो, असं हेडक्लार्क दामोदररावांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नऊशे सोळावाल्यांना परत बोलावण्याचं कार्डही जात नसे.

एकोणसाठ सालच्या कार्तिकात त्याचे वडील, भीमाचार्य, बनशंकरीच्या पुष्करणीच्या ओल्या पायरीवरून घसरले. चामराजपेठेतल्या आपल्या लोकांत त्यांच्यावाचून श्राद्ध होत नसे. पितरांच्या जागी पाटावर मांडी घालून बसायचं आणि शेवटचा घास होईपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा मान. दुसरा कुठला मान त्यांनी कधी मागितला नव्हता.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरानं लिहिलं, 'गुडघ्याला किरकोळ मार. आत कूर्चा फाटली आहे का? पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणे.' कागद त्रिविक्रमच्याच टेबलावर आला. बापाचं नाव वाचूनही हात सवयीनं चालला. शंका सुटली, नंबर पडला, आणि त्रिविक्रम ही बातमी पेढ्यासारखी घरी घेऊन गेला.

"अण्णा, काही नाही. नऊशे सोळा. किरकोळ."

"परत दाखवायला नको?"

"त्या नंबरवाल्यांना आम्ही बोलावतच नाही."

अण्णांचा पोराच्या इंग्रजी पुस्तकावर वेदाइतकाच विश्वास. ते आठवड्याभरात पुन्हा पाटावर बसू लागले. मांडी घालताना ओठ आवळत, उठताना भिंत धरत. सून अहल्येच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"अहो, मामंजींना स्वल्प दाखवून आणा की. सूज उतरेना."

"रोज ढीगभर गुडघे बघतो मी," त्रिविक्रम म्हणाला. गुडघे कसले, कागद बघत होता! वर अण्णांकडे वळून म्हणाला, "वय झालं की माणूस कुरकुरतोच, अण्णा. मनावर घेऊ नका."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. त्यानंतर गुडघ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

माघात नरसिंहरावांच्या घरी श्राद्धाला ते पाटावर बसले ते उठलेच नाहीत. गुडघा अडकला होता. दोघांनी उचलून टांग्यात घातलं. इस्पितळातल्या मोठ्या सर्जननं पाय चाचपला आणि त्रिविक्रमला बाजूला घेतलं. "कूर्चा पहिल्याच दिवशी फाटली होती. मांडी घालून घालून आतला सांधा घासला. वेळेवर आणलं असतं तर वाचवता आला असता. आता हा पाय वाकायचा नाही."

नरसिंहराव भला माणूस. पुढच्या श्राद्धाला खुर्ची ठेवतो, म्हणून त्यांनी निरोप धाडला. अण्णांनी हात जोडले. "पितर खुर्चीवर जेवत नाहीत," एवढंच म्हणाले. त्यांच्या पाटावर दुसरे आचार्य बसले.

सर्जनचा नवा कागद त्रिविक्रमच्या टेबलावर आला. ताठलेल्या सांध्याचा नंबर त्यानं पुस्तकात शोधला, पण लेखणी कोपऱ्यापर्यंत जाईना. त्याला स्वतःची किळस आली. अखेर त्यानं नंबर टाकला. घरी जाऊन बापाचे पाय धरायचे, सगळं सांगायचं, असं ठरवूनच तो निघाला.

अण्णा पडवीत पाय सरळ लांबवून बसले होते. तो तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "आता नवा नंबर मिळाला का रे मला?"

"मिळाला, अण्णा."

"किरकोळातला नाही ना?"

"नाही."

"म्हणजे खरंच दुखत होतं तर," अण्णा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.