आतड्यात पाठीला मेव्हणा

कोणालाही मारायचं नाही, हे तपासरावांना आज सकाळी पुन्हा एकदा सांगण्यात आलं.

"बरं, धक्का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कॉलर धरली तर?"

"अहो, तुम्ही अँटीबॉडी आहात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रतिपिंड. तुम्ही फक्त मिठी मारायची."

तपासरावांनी मान डोलावली. काही समजलं नाही की ते मान डोलावत, आणि आज त्यांची मान दुखायला लागली होती.

डॉक्टरबाई काही औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. आतड्याच्या आतल्या अस्तराचा अभ्यास करण्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती आणि आता त्या अस्तराची गुलाबी प्लास्टिकची प्रतिकृती विज्ञान केंद्राच्या तळमजल्यावर फुगवून ठेवली होती. माणसं आतून चालत जातील एवढी मोठी. पंखा बंद पडला की आतडं बसत असे. लोकांनी जठराच्या बाजूने शिरायचं, वळणं घेत चालायचं आणि दुसऱ्या टोकाने निघायचं. त्या टोकावर 'बाहेर' एवढीच पाटी लावलेली होती. तिथे केंद्राने मोठाच संयम दाखवला होता. आज उद्घाटन होतं, आणि तपासरावांच्या इथल्या नोकरीचा पहिला दिवस.

तपासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मॉलच्या दारावर लोकांच्या पिशव्या तपासायचे, तिथे हे नाव पडलं. पुढे मॉल बंद पडला, सवय बंद पडली नाही. घरी आलेल्या माणसाला ते 'या' म्हणायच्या आधी 'उघडा' म्हणत. शेजारी हसून सोडून देत. पण बायकोचे मामा, म्हणजे तपासरावांचे मामेसासरे, मुक्कामाला आले तेव्हाही त्यांनी दारातच बॅग उघडायला सांगितली. मामा म्हणाले, उघडणार नाही. तपासराव म्हणाले, मग आत सोडणार नाही. मामा जिन्यात बॅगेवरच बसून राहिले. थोड्या वेळाने बायको स्वतःची बॅग भरून बाहेर आली, आणि निव्वळ हाताच्या सवयीने तपासराव तिच्या बॅगेची चेन उघडायला पुढे झाले. तिथे संसार मोडायचा तेवढा मोडला. त्या दिवसापासून ती भावाकडे राहत होती.

आणि तो भाऊ आता तपासरावांच्या पाठीला बांधलेला होता.

यात कोणाचा कट नव्हता, विज्ञान होतं. रक्तातली अँटीबॉडी बेचकीच्या आकाराची असते आणि बहुतेक वेळा एकेकटी फिरते. आतड्यातली मात्र जोडीने फिरते: दोन बेचक्या, दांड्याला दांडा जोडून. म्हणून पोशाखही दोघांचा होता. पाठीला पाठ, मधे पट्टा, आणि वर उचललेल्या हातांवर, बोटं मोकळी ठेवून, फोमचे लांबलचक फाटे. दुसऱ्या बेचकीसाठी ठरवलेल्या माणसाचं आज सकाळीच पोट बिघडलं. मग केंद्रात दिव्यांचं काम बघणारा मेव्हणा हाताशी होता, त्याला घेतलं.

डॉक्टरबाईंनी दोघांभोवती एक जाड रजईसारखी पट्टी गुंडाळली.

"हे काय?" मेव्हणा म्हणाला.

"हा भिंतीचा तुकडा. तुम्ही भिंतीआड तयार होता. भिंत तुम्हाला स्वतःच्या आतून पलीकडे नेते आणि सोडताना आपलाच एक तुकडा अंगावर घालून देते. म्हणजे पाचकरसात तुमचं लगेच पाणी होत नाही."

"एवढं माझ्या आईनेसुद्धा माझं कधी केलं नाही," मेव्हणा म्हणाला.

डॉक्टरबाई टोप्या मोजायला गेल्या.

"भावोजी."

"मी तुझ्याशी बोलत नाही."

"मीही नाही बोलत. फक्त पाय उचला, तुमचा बूट माझ्या बुटावर आहे."

तपासरावांनी पाय उचलला.

"ताई येणार आहे आज," मेव्हणा म्हणाला.

तपासराव गर्रकन वळले. म्हणजे दोघंही वळले, त्यामुळे मेव्हणा होता तिथेच, पाठीमागे, राहिला.

"एकटी?"

"मामांना घेऊन. म्हणाली, माणूस सुधारलाय का ते एकदा डोळ्यांनी बघते. मग ठरवते, तुमच्या घरी जायचं की वकिलाकडे."

"आणि तू हे मला आत्ता सांगतोस?"

"मग कधी सांगू? आपण बोलत नाही ना."

डॉक्टरबाई टोप्यांची खोकी घेऊन परत आल्या. येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट खिडकीवर एक टोपी मिळणार होती. तपकिरी टोपी म्हणजे अन्न. हिरवी म्हणजे आतड्यात राहणारे जिवाणू. लाल म्हणजे रोगजंतू.

"हिरवे म्हणजे घुसखोर," तपासराव म्हणाले.

"हिरवे म्हणजे घरचे. जन्मापासून जमत जातात. आपल्याला न पचणारं ते पचवतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, म्हणून वाईटांना बसायला जागा मिळत नाही."

"पण आले बाहेरूनच ना?"

"सगळेच बाहेरून येतात हो. जेवण म्हणजे तरी काय? दिवसातून दोन-तीनदा आपण होऊन परक्यांना तोंडाने आत घेतो."

तपासरावांनी भिंत चाचपली. कापडासारखी पातळ होती. "आणि एवढीच भिंत?"

"खऱ्या आतड्यात तर एकाच पेशीच्या जाडीची. पलीकडे लगेच तुमचं रक्त."

तपासरावांना घाम फुटला. मॉलला दोन-दोन दारं होती, कॅमेरे होते, वाजणारी चौकट होती, आणि आत होतं काय, तर चपला आणि पडदे. इथे पलीकडे साक्षात रक्त, आणि राखणीला एक भिंत, तिच्यावर कसला तरी चिकट थर.

"हा श्लेष्मा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"शेंबूड," मेव्हण्याने भाषांतर केलं.

"शेंबूडच म्हणा. नाकात, घशात, फुप्फुसात, डोळ्यांत, जिथे जिथे बाहेरचं जग आत डोकावतं तिथे हाच ओला पहारा असतो. जंतू यात अडकतो, तुम्ही त्याला कवेत घेता, भिंतीला चिकटू देत नाही, आणि तो आला तसा वाहून जातो. मारामारी नाही, आरडाओरडा नाही."

भिंतीवर फासलेली खरं तर भित्तिपत्रकं चिकटवायची खळ होती. तपासरावांचा कोपर तिला लागला तो लवकर सुटेना.

"बाई, माझं ऐका," ते म्हणाले. "एवढ्या पातळ भिंतीला तपासणी कडक हवी. प्रत्येकाची."

"तिथेच तर घोटाळा होतो. प्रत्येकाची झडती सुरू झाली की भिंतच सुजते. माणूस आपल्याच जेवणाशी भांडतो, आपल्याच घरच्यांशी भांडतो. काही लोकांना हा आजारच होतो."

पाठीमागे मेव्हणा खोकला. त्या खोकल्यात बरंच काही होतं.

"म्हणून तर ते आहेत," म्हणत डॉक्टरबाईंनी बोट दाखवलं. वळणावर एक वयस्क गृहस्थ निळी टोपी घालून स्टुलावर बसले होते. अशा पेशीही असतात म्हणे, बाकीच्यांना शांत ठेवणाऱ्या. त्यांचं काम एवढंच, की मधूनमधून म्हणायचं, "असू दे, असू दे."

"आणि याचे त्यांना आमच्याएवढेच पैसे?" मेव्हण्याने विचारलं.

"असू दे," गृहस्थ म्हणाले.

फीत कापली गेली. लोक जठरातून आत येऊ लागले आणि तपासरावांचं डोकं चालेनासं झालं. तपकिरी टोपीची एक बाई त्यांना इतकी संशयास्पद वाटली की त्यांनी तिला मिठी मारली, ती म्हणाली, "अहो, मी बटाटा आहे." भोंग्यातून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "अन्नाला सोडा, अन्नाला सोडा." मग हिरव्या टोप्यांचा एक घोळका आला आणि चक्क बसकण मारून गप्पा करू लागला. तपासरावांनी त्यांना पुढे सरकायला सांगितलं. ते म्हणाले, आम्ही इथेच राहतो. तपासरावांनी भोंग्याकडे बघितलं. भोंगा म्हणाला, बरोबर आहे त्यांचं.

"म्हणजे मी नेमकं करू काय?" तपासरावांनी मेव्हण्याला विचारलं.

"भावोजी, मला तर फक्त मागचं दिसतंय."

आणि तेव्हा त्यांना बायको दिसली. घर सोडून गेलेल्या बायकोच्या डोक्यावर रहिवाशांची हिरवी टोपी होती. तिच्या शेजारी मामा. बगलेत तीच बॅग. आणि डोक्यावर, खिडकीवरच्या माणसाने न बघता दिलेली, लालभडक टोपी.

"लाल टोपी वळणावर," भोंगा म्हणाला. "अँटीबॉडी, पुढे व्हा."

अँटीबॉडी जागची हलली नाही. समोरून सगळे आपल्याकडेच बघतायत असं तपासरावांना वाटलं, आणि ते खरंच होतं. पुढे व्हावं तर मामांना दुसऱ्यांदा दारातून घालवल्यासारखं होणार, बायको इथूनच वकील गाठणार. न व्हावं तर पहिल्याच दिवशी नोकरी जाणार, आणि बिननोकरीच्या तपासरावांकडे तरी ती कशाला यावी?

"लाल टोपी म्हणजे मामा आहेत," ते दात आवळून म्हणाले. "तू धर. तुझे सख्खे मामा आहेत."

"मी धरलं तर ताई म्हणेल भावानेच मामांना हाकललं. तुम्ही जावई आहात, तुमचं तसंही नाव खराब आहे."

तपासरावांनी मेव्हण्याला पुढे आणायला गिरकी घेतली. मेव्हण्याने त्यांना पुढे आणायला उलटी गिरकी घेतली. अँटीबॉडी गोल फिरू लागली. फोमचे फाटे लोकांच्या टोप्या उडवत होते, त्यामुळे अन्न कोण आणि जंतू कोण हेही आता कोणाला सांगता येईना. ते बघता बघता मामांना गरगरलं. त्यांनी आधाराला भिंतीवर हात टेकला, आणि हात खळीत बसला तो बसलाच.

"चिकटतोय!" भोंगा किंचाळला. "भिंतीला चिकटू देऊ नका!"

पातळ भिंत मामांच्या वजनाने आत दबायला लागली. पुढे काय झालं ते तपासरावांनी ठरवून केलं नाही. ते मामांवर झेपावले, मेव्हणा पाठोपाठ फरपटत आला, आणि चारही फाट्यांनी मिळून मामांना भिंतीपासून सोडवून कवेत घेतलं.

"असू दे, असू दे," स्टुलावरचे गृहस्थ म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

मिठीत मधे बॅग होती. तपासरावांच्या बोटांना चेन लागली. बोटांनी ती ओळखली. सगळं आयुष्य ज्या हालचालीत गेलं ती हालचाल बोटांच्या टोकाशी येऊन उभी राहिली, आणि मामांनाही ते जाणवलं.

"काय रे," मामा त्यांच्या कानाशी म्हणाले, "उघडायची असेल ना?"

समोर हिरव्या टोपीखालून दोन डोळे त्यांच्या हाताकडेच बघत होते.

"नाही मामा," ते म्हणाले आणि बोटं काढून घेतली.

"का?"

"कळत नाही."

"बरं. मग चल, मला बाहेर घेऊन चल. इथे कोंदट आहे फार."

ते निघाले. पाठीला पाठ असल्यामुळे खेकड्यासारखं आडवंच चालावं लागत होतं. वळणावळणाच्या त्या गुलाबी बोगद्यातून तपासराव मामांना कवेत धरून सावकाश नेत होते, मामा बॅग सांभाळत होते, आणि मेव्हणा पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून लोकांना "जरा सरका, जंतू आहे," असं सांगत होता.

'बाहेर'च्या पाटीखाली बायकोने त्यांना गाठलं.

"एक सांग," ती म्हणाली. "तू मामांना मिठी मारलीस की बाहेर काढलंस?"

तपासरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही. म्हणजे, बाई म्हणतात ते एकच असतं. मला अजून नीट समजलेलं नाही."

"मला तर बरं वाटलं," मामा टोपी काढत म्हणाले. "एवढ्या लांबवर सोडायला मला कोणी आलं नव्हतं."

"मामांना मुक्काम करायचाय," बायको म्हणाली. " कुठे करायचा?"

"आपल्याकडे."

"आणि बॅग?"

"बॅग त्यांची आहे," तपासराव म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडातून आलं का, हे बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं, पण मागे मेव्हणाच होता.

"ठीक आहे. मग मीही येते. तू एकटा असलास की पाहुण्यांच्या ताटातलंही उलटंपालटं करून बघशील."

एवढं सगळं जुळून आल्यावर पट्टा सुटेना. खळ आत झिरपून वाळली होती. मेव्हण्याने कात्री मागितली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोशाखाला कोणी हात लावायचा नाही, उद्या पुन्हा आतडं आहे. घरी जाऊन कोमट पाण्याने भिजवा. फोमचे हात तेवढे त्यांनी काढून घेतले.

मग चौघं रस्त्याने घरी निघाले. पुढे बायको आणि मामा, मागे आडवी चालणारी जोडी. जिना चढताना मेव्हण्याला उलटं चढावं लागलं आणि त्याने प्रत्येक पायरीला काहीतरी म्हटलं. बायकोने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. ती आत गेली. मामा बॅग घेऊन आत गेले, आणि त्यांना कोणीही काही विचारलं नाही.

तपासराव उंबऱ्याशी थांबले, कारण थांबायची सवय होती.

"भावोजी," पाठीमागून आवाज आला, "मी आत येऊ का?"

तपासरावांनी त्यावर बराच विचार केला. विचार पूर्ण होईपर्यंत दोघंही आत आलेले होते.