थर्झाची बिडाची चूल

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची चूल आहे; खाली चार पाय, पोटात पाव भाजायची भट्टी. मिसिसिपीकाठच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. थर्झाच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला दिले. पुढे तिने मॉर्मन हा नवा ख्रिस्ती पंथ स्वीकारला, तेव्हा वडिलांनी तिला दार बंद केले. माहेरचे म्हणावे असे तिच्याकडे मी एकटीच उरले.

गावोगावहून हाकलले गेलेले आमच्या पंथाचे लोक पश्चिमेच्या खोऱ्याकडे निघाले. मला बैलगाडीत मागच्या बाजूला ठेवले होते. वाटेत बैल थकले. थर्झाचा नवरा पुढे बैलांपाशी होता. तांड्याचा नायक मागे येऊन म्हणाला, "थर्झाताई, जड सामान उतरवा. म्हातारी माणसं बसवायचीत."

थर्झाने हळूच माझ्यावर गोधडी ओढली. "जागाच नाही हो, भाऊ."

मग वेल्सहून आलेली म्हातारी ग्वेन आमच्या गाडीमागून चालत राहिली. डोंगरात बर्फ लागले. खोऱ्यात पोचलो तेव्हा तिच्या पायांची बोटे काळी पडली होती. ती कापावी लागली.

वसाहतीत मातीची घरे उभी राहिली, पाट खणले गेले. अशी चूल मात्र आमच्याच घरी होती. थर्झा साऱ्यांचे पाव भाजून देई, ग्वेनचा सगळ्यांत आधी. बायका म्हणत, "थर्झाताईचं मन केवढं मोठं!" थर्झा मान खाली घालून लाकडे सारत राही. माझेही कौतुक होई. मला ते नकोसे वाटे. एका माणसाच्या जागेवर बसून मी इथवर आले होते.

एका सकाळी ग्वेन लंगडत आली. पाव भट्टीत सरकवून थर्झा एकदम म्हणाली, "ग्वेनताई, गाडीत जागा होती. गोधडीखाली ही चूल होती."

"ठाऊक आहे. मागूनच चालत होते ना मी. गोधडीखालून हिचे चारही पाय दिसायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलावशील असं वाटायचं. मग बोटं गेली, आता काय बोलायचं? पाव बघ, करपेल."

थर्झा माझ्यापुढे बसून रडू लागली. ग्वेनने तिला उठवले नाही. स्वतःच पाव काढला, मोडला आणि अर्धा तिच्यापुढे ठेवला. माफ केले असे ती कधीच म्हणाली नाही. पण तिने येणेही सोडले नाही.

आज दोघीही नाहीत. नव्या चुली आल्या आणि मी कोठारात गंजत पडले.

मित्रांनो, जमले तर माझा गंज पुसा, मला जपा. पण कधी गाडीत जागा कमी पडली, तर आधी मला उतरवा.