वीस नखांचा भुऱ्या

मित्रांनो, मी एक म्हातारं, अर्ध्या कानांचं कुत्रं हाय. रंग भुरा म्हणून नाव भुऱ्या. कान अर्धे काहून, ते सांगतो. हसायचं न्हाई फक्त.

माझा जन्म मेंढरात झाला. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं एका वावरात मेंढरं बसवली होती. माझी माय दिवसभर कळपाभोवती फिरायची. एखादं कोकरू बाजूला निघालं की आडवी जायची. चावायची न्हाई, नुसती आडवी. ते मी दुधासंगंच शिकलो.

एक दिवस तांड्यावरचा उत्तमसिंग मोटारसायकलवर आला. शर्यतीत पळंल अन् घरी लेकरांतबी राहील, असं एकच कुत्रं त्याला पायजे होतं. त्यानं आमा पिल्लांना एकेकाला मानंला धरून वर उचललं. जे कुईकुई करंल ते खाली. मी गप राहिलो. मग त्यानं माझी नखं मोजली. माझ्या मागच्या पायांना एकेक जास्तीचं हाय.

"वीस नखी! हे वाघ निघतंय," तो म्हणला.

"भाऊ, हे वळणारं कुत्रं हाय, पळणारं न्हाई," मेंढरंवाली पद्माबाई म्हणली. "शर्यतीला लंब्या टांगांचं बघा."

"नखं खोटं बोलतेत का, मावशी?"

माझी माय समोरच काम करून राहिली होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंबी न्हाई.

घरी त्याची बायको बेबीबाई अन् लेक निलम. निलम नुकतीच अंगणवाडीत जायला लागली होती. घरामागं शेततळं. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर पाय ठरत न्हाई. कुंपण करू, करू, असं रोज म्हणायचे. निलमला बेडकाचं लई वेड. ती तिकडं निघाली की मी आडवा. ती डावीकडून गेली की मी डावीकडं. माझ्या पाठीत बुक्क्या घालायची, अन् मग माझ्याच अंगावर रेलून घरी यायची.

"अंगणवाडीची बाईच ठेवल्यावानी झालं," बेबीबाई शेजारणीला म्हणायची.

"आमच्याकडं पाठव की दोन दिवस. माझा नवराबी नाक्यावरून वळून आणंल!"

मित्रांनो, तेच माझे चांगले दिवस.

मग शर्यत आली. मोटारसायकलमागं दोरीला चिंध्यांचा ससा बांधला होता. सगळी कुत्री त्याच्यामागं सुटली. मीबी सुटलो. पण मला ती पांगलेल्या मेंढरांवानी दिसली. वळसा घालून मी आडवा गेलो अन् दोघांना मागं फिरवलं.

सगळं मैदान हसलं. कोणीतरी वरडलं, "उत्तमसिंग, कुत्रं हाय का कंडक्टर? सगळ्यांला गाडीत बसवून राहिलं!"

घरी आल्यावर उत्तमसिंग म्हणला, "लेकरांत राहून नरम पडलं. आता तिखट करतो."

तिखट करायचं म्हणजे काय, ऐका. ब्लेडनं कान कापायचे, वर हळद दाबायची. अंधारात बांधायचं. भाकरीत मिरची कालवायची. कोणी जवळ जायचं न्हाई. गोठ्यात साखळी ठोकली.

"मी निंदायला जाते. निलमकडं कोण बघंल?" बेबीबाईनं विचारलं.

"कुत्र्याच्या भरवशावर लेकरू सोडतेत का? मी हाय ना घरी."

एका दुपारी तो बाजेवर पडून मोबाइलवर शर्यतीतल्या एका दोस्ताशी बोलून राहिला होता. गोठ्याच्या फटीतून मला निलम दिसली. हातात डबा. शेततळ्याकडं चालली होती.

मी भुंकलो. उडी मारली अन् साखळीनं खाली आपटलो. पुन्हा उठलो, पुन्हा आपटलो. गळ्याचं कातडं निघालं. असा मी जन्मात भुंकलो नव्हतो.

"रणजीत, ऐक, ऐक!" उत्तमसिंग फोनमधी म्हणला. "ऐकू येतंय का? झालं ना तिखट!"

त्यानं फोन गोठ्याकडं धरला.

निलम बांधावर चढली. मग फटीतून नुसता बांध दिसला. मी भुंकतच राहिलो. तो फोन धरून हसतच राहिला.

बेबीबाई वावरातून आली. "निलम कुठंय?" म्हणली. डबा पाण्यावर तरंगत होता.

निलमची माती झाली. मग उत्तमसिंग गोठ्यात आला. मला मारलं न्हाई. साखळी सोडली अन् शेततळ्याकडं चालायला लागला. त्याची चाल मला बराबर वाटली न्हाई. मी पळालो अन् पाण्याच्या अलीकडं त्याच्या आडवा झालो. तो डावीकडं सरकला, मी डावीकडं. तो उजवीकडं, मी उजवीकडं. शेवटी तो बांधावरच मटकन बसला. माझ्या कापल्या कानांवर हात ठेवून वरडला, मेंढरू वरडतं तसा.

आता तिथं कुंपण हाय. कोणासाठी, ते मला विचारू नका.

मित्रांनो, कुत्रं घरी आणायचं तर नखं मोजू नका. त्याची माय काय काम करते ते पाहा. तुमच्या घरी तसं काम हाय का, ते पाहा. शर्यतीत हरलं म्हणून त्याला अंधारात बांधू नका. अन् बांधलेलं कुत्रं जीव तोडून भुंकत असंल, तर हातातला फोन ठेवा. उठा. ते जिकडं पाहून राहिलं, तिकडं पळा.