खाजारामचा नवा पत्ता

फरीदाने वाजणारा मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा घातला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. फोन डब्यावर थरथरत राहिला. एरवी हाच फोन वाजला की तव्यावरची भाकरी करपली तरी ती धावत यायची. आज मात्र आपले हात पिठाचे आहेत, असं तिने स्वतःलाच बजावलं.

फोन तिच्या नवऱ्याचा, खाजाभाईचा. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. मिरजगावात खाजाभाई आणि त्याचा दोस्त रामहरी मिळून कडबाकुट्टीची यंत्रं बनवायचे. कारखान्याचं नाव 'खाजाराम', ईमेलच्या पत्त्याच्या शेवटीही खाजाराम डॉट कॉम. बाहेरगावचे लोक बिचारे "खाजारामशेठ हायेत का?" म्हणून विचारत यायचे, तेव्हा हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवायचे. ईमेलचं खातं खाजाभाईने स्वतःच्या नंबरावर उघडलेलं, त्यामुळे कारखान्यात कोणी ते उघडायला गेलं की खात्रीचे आकडे, म्हणजे ओटीपी, या फोनवर यायचे. मग तिथली रुपाली दर सोमवारी फोन करायची आणि फरीदा आकडे वाचून दाखवायची. जेवलात का, गुडघा काय म्हणतोय, कोणाचं यंत्र कुठल्या गावाला गेलं, एवढं बोलणं व्हायचं. आठवड्यात माणसाचं बोलणं ते तेवढंच. पुण्यातला मुलगा परवेझ म्हणायचा, "अम्मी, अब्बूंचं सिम बंद कर, फुकट रिचार्ज कशाला?" त्याला काय सांगणार, कप्पाळ!

आणि गेल्या सोमवारी रुपाली म्हणाली होती, "चाची, कारखान्याचं नाव बदलतंय. ईमेलचा मुख्य पत्ता नवा होनार. आकडे आता शेवटचेच लागतील, मग रामहरीशेठचा नंबर टाकते. तुमच्या डोक्याला ताप नको."

ताप! फरीदाला रडूच कोसळलं होतं. तेव्हापासून ती टोलवत होती. कधी रेंज नाही, कधी चार्जिंग नाही, कधी चष्मा सापडत नाही. नव्या पत्त्याची पत्रकं छापून पडलीत, काम अडलंय, हे कळत असूनही तिच्याच्याने आकडे सांगवत नव्हते. आणि रामहरीचा रागही होताच. मातीला आला तो आला, नंतर या दाराची पायरी चढला नव्हता. वर आता दोस्ताचं नावही काढायला निघाला.

दुपारी दारात स्कूटी थांबली. रुपाली लॅपटॉप छातीशी धरून आत आली.

"म्हटलं, चाचींच्या घरीच बसून करू. चहा टाका."

फरीदाने मुकाट्याने फोन तिच्या हातात दिला. रुपालीने तो उघडला. रेंज पूर्ण होती, बॅटरी भरलेली होती आणि तिने मागवलेले सगळे आकडे एकाखाली एक आलेले होते. रुपाली क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. फरीदाला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं.

"जुने चालत न्हाईत," रुपाली एवढंच म्हणाली. "नवे मागवते. तुमीच वाचा."

फोन किणकिणला. फरीदाने एकेक आकडा सावकाश वाचला, पुढचा सांगण्याआधी थांबत. रुपालीनेही घाई केली नाही. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं आणि थांबलं.

"झालं?"

"झालं."

"म्हंजे जुनं नाव गेलं."

"न्हाई हो, चाची. ते मागं ऱ्हातं. कुनी जुन्या पत्त्यावर लिहिलं, तरी आपल्याला मिळतं. फकस्त वर दिसत न्हाई."

"माझ्यासारखंच की," फरीदा म्हणाली आणि हसायला गेली.

चहा संपवून रुपालीने कप स्वतः विसळून ठेवला. दारात चपला घालताना म्हणाली, "शेठ वर्सभर म्हनत हुते, ऱ्हाऊ दे तो नंबर, काय घाई हाय. पन आता भागीदारीचे कागद बदलले, विलाज न्हाई." फरीदाने मान हलवली. तिचं लक्ष स्कूटीच्या आवाजाकडे होतं.

सोमवार आला. फोन वाजला नाही. तिने भाकऱ्या केल्या, अंगण झाडलं, झाडलेलं पुन्हा झाडलं. फोन नुसता पडून होता. घर असं खायला उठलं की तिला बसवेना. शेवटी तिने तो हातात घेतला आणि 'राम' असं लिहिलेलं नाव शोधलं. या फोनवरून तिने आजवर कधी कोणाला फोन लावला नव्हता. काय बोलायचं ते तिने मनात घोकलं: बघा, नव्या नंबरावर आकडे नीट येतात ना, एवढंच इचारायचं हुतं. मग बटण दाबलं.

एक घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला. मागे यंत्राचा खडखडाट होता.

"हां, बोल खाजा."

फरीदाने फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडे रामहरीला आपण काय बोलून गेलो ते उमगलं असावं. कोणीतरी यंत्र बंद केलं. खडखडाट थांबला, आणि त्याचं नाक ओढणं तिला स्वच्छ ऐकू आलं.

दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.