नाण्याच्या तोंडावरचा मळ

पेणमध्ये नाणी जमवणारे चौघेजण होते, पण नाण्यांतलं कळणारा हैबतरावांच्या मते एकच होता, आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करत असे. बाकीचे नुसते गोळा करणारे. वखार मुलाच्या हवाली केल्यापासून हैबतरावांना दुसरा उद्योग नव्हता. पांढरे हातमोजे, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि समोरच्याला तुच्छ लेखण्याची हौस, एवढ्या भांडवलावर ते मोठे संग्राहक झाले होते.

त्यातही त्यांना साधी नाणी चालत नसत. हवीत ती प्रूफ नाणी. बाजारात फिरायला पाडतात ती वेगळी, आणि टांकसाळीत संग्राहकांसाठी मुद्दाम पाडतात ती वेगळी. या दुसऱ्यांचा साचा आरशासारखा लख्ख करतात आणि चकतीवर तो एकाहून जास्त वेळा दाबतात. मग नाण्याची पाटी, म्हणजे चित्राभोवतीची सपाट जागा, अशी चकाकते की तिच्यात तोंड दिसावं, आणि पाटीवरचं चित्र मात्र दुधी राहतं, पिठाचा हात फिरवल्यासारखं. तो आरसा आणि ते दूध, यातच काय ती किंमत. बोट लागलं की डाग, फडकं लागलं की ओरखडा, आणि घासलं की खलास. हे सगळं हैबतराव दिवाळीला फराळासाठी आलेल्यांनाही ऐकवत. लोक चकली संपेपर्यंत ऐकत आणि उठत.

त्यांचं एकच दुखणं होतं. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या सालचा, एकोणसत्तरचा संच त्यांच्याकडे होता, पण त्यातल्या चांदीच्या दहाच्या नाण्यावर कुणाचा तरी अंगठा कायमचा उमटला होता. हैबतराव मेव्हण्याचं नाव सांगत. मेव्हणा हैबतरावांचं सांगे. रोह्याच्या पुंडलिकनं तर संग्राहक मंडळाच्या भर बैठकीत विचारलं होतं, "काय हैबतराव, नाण्यावर सही केलीत की काय?" सगळे खो खो हसले होते. ते हसू हैबतरावांना सहा महिने सलत होतं. येत्या रविवारी त्याच पुंडलिकच्या ओटीवर पुन्हा मंडळ जमायचं होतं, मुंबईहून एक जाणते पारखी येणार होते, आणि त्यांच्यासमोर निर्दोष संच मांडून पुंडलिकचं तोंड बंद करायचं, एवढ्यासाठीच हैबतराव हल्ली जगत होते.

अशात पेणच्या एका सोनाराने बातमी दिली. धरमतरच्या खाडीकडची एक मिठागरवाली बाई दहाचं चांदीचं नाणं मोडायला घेऊन आली होती. नातीसाठी वाळे करायचे होते तिला. भाव पटला नाही म्हणून नाणं परत घेऊन गेली. "फार चकचकीत होतं बुवा," सोनार म्हणाला. हैबतराव दुपारचं जेवण तसंच टाकून एसटीत बसले.

ठमाबाई साठीच्या पुढची, काटक. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने हातापायांची कातडी जाड झालेली. तिने डब्यातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि नाणं हैबतरावांच्या पुढ्यात ठेवलं.

"माज्या मालकाचा हाय," ती म्हणाली. "मुंबईला टांकसालीत व्हतं ते. रिटायर झालं त्या दिशी सायबानी दिला. दुकानदार काय घेत नाय, म्हनून मोडाचा इचार केला."

हैबतरावांनी हातमोजे चढवले, भिंग लावलं. सालाखाली मुंबईच्या प्रूफ नाण्यावर असतं ते इंग्रजी बी अक्षर होतं. कडा धारदार. पाटीत त्यांना स्वतःच्या नाकपुड्या दिसल्या. आणि मधोमध गांधीजी, दुधी, कुणाचा हात न लागलेले. चार हजारांना डोळे मिटून घ्यावं असं नाणं होतं, आणि बाईला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. ही दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा जास्त आवडली.

त्यांनी चेहरा पाडला. "काय सांगू बाई, एकेकाळी चांगलं असेल. पण हे बघा, तोंडावर मळ बसलाय. पाटी कशी चकचकते आणि चेहरा पांढरट दिसतो, बघितलंत? खाडीचं वारं. ठेवणाऱ्याने नीट ठेवलं नाही. असलं मळकट नाणं कोण घेणार? तुमच्याकडे बघून दोनशे देतो."

ठमाबाईचा चेहरा उतरला, पण तो दोनशेच्या आकड्याने नाही.

"मलकट?" तिने विचारलं.

"मळकटच."

हैबतरावांनी जरा आजूबाजूला पाहिलं असतं तर बरं झालं असतं. शेणाने सारवलेल्या ओटीवर काडी पडलेली नव्हती. फळीवरची पितळी भांडी झळकत होती. या बाईने चाळीस वर्षं मिठागरात काढली होती, आणि तिथे माणसाची पत मिठाच्या पांढरेपणावर ठरते. चिखल लागलेलं मीठ वेगळ्या ढिगावर टाकतात आणि ते कुणी ओढलं हे सगळा गाव लक्षात ठेवतो. तिच्या घरातल्या वस्तूला मळकट म्हणणं म्हणजे तिला चारचौघांत आळशी म्हणण्यासारखं होतं. पण हैबतरावांना भिंगाबाहेरचं दिसत नसे.

"आज देत नाय," ती म्हणाली. "आज अवस हाय. अवशीला घरातली चांदी भाईर काडत नाय. न् जगन, माजा दीर, कंपनीत शिफ्टला गेलाय. त्याला इचारते. शनवारी या."

हैबतरावांनी जास्त घाई दाखवली नाही. घाई दाखवली की किंमत चढते, हा त्यांचा आवडता धडा होता. परतताना एसटीत ते मनाशीच हसत होते. अडाणी, अडाणी म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं. आणि रविवारी पुंडलिकचा चेहरा कसा होईल याची त्यांनी तीनदा उजळणी केली.

शनिवारी ते पोचले तेव्हा दारापुढच्या मांडवावर सुकट वाळत घातली होती, आणि तिच्या शेजारी एक निळी मखमली पेटी उघडी करून उन्हात ठेवली होती. हैबतराव जागच्या जागी थांबले. ती पेटी ते झोपेतही ओळखू शकले असते. टांकसाळीच्या संचाची पेटी! म्हणजे बाईकडे एक नाणं नव्हतं, पैशापासून दहा रुपयांपर्यंत अख्खा संच होता. त्यांनी मनात भराभर बेत केला. तीनशे म्हणू, फार तर साडेतीनशे. पण पेटी ओली का दिसते आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

ओटीवर जगन बसला होता, पन्नाशीचा, कंपनीच्या खाकी कपड्यांत. शेजारच्या दोघी बायकाही येऊन बसल्या होत्या. ठमाबाई आतून ताट घेऊन आली, ताटात पांढरा रुमाल, आणि तिच्या तोंडावर मोठ्या कष्टाचं काम पुरं केल्याचा आनंद.

"चिच लावली, न् तुसाची राख," तिने सांगितलं. "दोन दिस घासतंय. सगला मल निगाला. पेटीतली बाकीची पन व्हती, म्हनलं यांनी तरी काय पाप केलंय? पेटी पन साबनानी धुतली. पावन्याला द्याची वस्तू मलकी द्यावी काय?"

तिने रुमाल काढला.

नऊच्या नऊ नाणी लखलखत होती. सगळी सारखीच. पाटीवर राखेचे बारीक गोल गोल ओरखडे, आणि मधल्या गांधीजींचं दूध पार नाहीसं झालेलं. चष्म्याची काडी झिजून आता कानापर्यंत पोचत नव्हती.

"बगा कसं तोंड उजलंय म्हाताऱ्याचं," शेजारची बाई कौतुकाने म्हणाली. "ठमे, हात हाय गो तुजा!"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. दोनशे टेकवून, ताट घेऊन, मुकाट्याने पेणला गेला असता. पण ज्याने जन्मभर दुसऱ्याला मूर्ख म्हटलं त्याला गप्प बसणं कुठून जमणार? हैबतरावांचं तोंड सुटलं.

"वाट लावलीत! सगळ्याची वाट लावलीत! अहो, तो मळ नव्हता, तेच तर खरं काम होतं! एकट्या दहाच्या नाण्याला चार हजार आले असते. अख्खा संच! दहा हजारांच्या खाली कुणी मागितला नसता! राखेने घासता? चिंचेने? अक्कल कुठे ठेवली होतीत?"

शेजारणीने तोंडाला पदर लावला.

"चार हजार?" जगनने सावकाश विचारलं.

"चार!" हैबतराव अजून तावातच होते. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी!"

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी भिंग उचललं, उगीचच पुसलं, परत सोडलं.

ठमाबाईने ताट खाली ठेवलं. ती रागावलेली दिसत नव्हती. नवरा हयात असताना त्याने ही पेटी कधी कुणाला हात लावू दिली नव्हती, हे तिला आता आठवत होतं, आणि आपल्याच हाताने आपण ती संपवली हे कळून तिचे डोळे भरून आले होते. पण आवाज सरळ होता.

"मंग तुमी मल का बोललाव?"

हैबतराव म्हणाले, "तसं नव्हे... भाव ठरवताना माणूस बोलतो."

"मी इचारते, मल का बोललाव? मी काय भाव केला तुमच्याशी? तुमी दोनशे बोललाव, मी व्हय बोलले व्हते का नाय बोलले व्हते? मी कायच बोलले नाय. निस्तं मलकं द्याचं नाय म्हनून घासलं."

हैबतरावांनी खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. मग विचार करून तिसरी काढली. नोटा त्यांनी ताटाच्या कडेला ठेवल्या. जगनने त्या उचलून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत कोंबल्या, इतक्या शांतपणे की हैबतराव मागे सरकायलाही विसरले.

"वयनी, यांना पानी दे न् जाऊं दे," जगन म्हणाला.

"पानी देते," ठमाबाई म्हणाली. तिने डोळे पुसले आणि लोटी आणून त्यांच्या पुढे धरली. "मी घासलं त्ये हातानी घासलं, शेट. मला ठावं नव्हतं. तुमाला सगलं ठावं व्हतं, न् तुमी तोंडानी घासलं."

हैबतरावांनी पाणी घेतलं. दोन्ही बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि लोटी संपेपर्यंत कुणीच नजर हलवली नाही.