न तुटलेला सहावा

विषय : नमुना क्रमांक सहा तोडण्याबाबत.

उपरोक्त विषयातला नमुना मीच. मी बोलतोय, त्या अर्थी अजून तुटलेलो नाही.

मी एक काळी पट्टी. टोकांना रुंद, कमरेत बारीक. नायलॉनमध्ये डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे कण मिसळून तार काढली, आणि छपाईच्या यंत्राने ती वितळवून, थरावर थर देत आम्हा सहा भावंडांना घडवलं. घडवणारी एक संशोधक विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणतात. ते कण सारखे पसरायला तिची दीड वर्षं गेली. बैठकीतल्या माणसांसारखे ते आपापले कंपू करून बसत.

आमचं जीवितकार्य एकच. दोन्ही टोकं यंत्राच्या जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ताणायचं. किती ताणाला तुटलो तो आकडा वहीत गेला की जन्म सार्थकी लागला. पाच तोडायचे, सहावा राखीव. मी राखीव.

चार भावंडं कमरेत तुटली, अगदी शिस्तीत. पाचवा जबड्यातच तुटला, आणि तसा तुटलेला हिशेबात धरत नाहीत. जबडा आवळणारे मामा, प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. सुटू नये म्हणून त्यांनी जरा प्रेमानेच आवळला होता. आता पाळी माझी; पण मामांची घरी जायची वेळ झाली आणि मला उद्यावर टाकलं. उद्या उजाडला तेव्हा यंत्राच्या अचूकतेच्या दाखल्याची मुदत संपली होती, आणि दाखल्याविना आलेला आकडा ग्राह्य धरत नाहीत.

ताईने त्याच दिवशी नूतनीकरणाचा अर्ज दिला. यंत्र बंद आहे काय, अशी कार्यालयाने विचारणा केली. चालू आहे, असं तिने कळवलं. मग घाई कसली, असा शेरा आला.

तेव्हापासून मी खणातल्या डबीत आहे. शेजारच्या पाकिटात भावंडं. त्यांच्यात प्रत्येकाला निदान स्वतःचा दुसरा अर्धा तरी सोबतीला आहे. मी सबंध, म्हणून एकटा.

नायलॉन हवेतली ओल पितं. ओल प्यायलो की मी मऊ पडणार आणि माझा आकडा भावंडांशी जुळणार नाही. म्हणून दर सोमवारी ताई ओल शोषणारी पुडी बदलते, मला तोलते, वजन लिहिते. ते ठरल्या मर्यादेपलीकडे गेलं तर सहाही जण नव्याने घडवावे लागतील. कण संपलेत. तिच्या पदवीची मुदतही वर्षाअखेर संपते.

विभागप्रमुखांनी तोडगा सुचवला. "चार जवळपास सारखेच आलेत ना? पाचवा आकडा त्यांच्या मधलाच टाक. कोण बघायला बसलंय?"

"सर, सहावा अजून तुटला नाहीये," ताई म्हणाली.

सर हसून गेले. कपाटाला कुलूप लावता लावता मामा म्हणाले, "ताई, माझ्यामुळे अडलं तुमचं."

"जबड्यात तुटला एवढंच लिहिलंय, मामा. आवळला कोणी, ते नाही लिहिलं."

मला जपा, असं माझं मागणं नाही. जपणूक पुष्कळ झाली. कृपया मला वेळेत तोडावं, ही विनंती.

सद्यस्थिती : गेल्या सोमवारी माझं वजन मर्यादेला टेकलं. ताईने दोनदा तोललं आणि जे आलं तेच लिहिलं. अर्ज प्रलंबित आहे.