टमाटर वाटेत आहे

"आधारची साईट दोन घंट्यापासून गोल-गोल फिरून राह्यली, अन् महाराजाचं पान पाहा, बोट ठेवलं का खुलते," चंद्रभानभाऊ शेजारच्या बाईच्या कानाशी कुरकुरले. "सरकारनं महाराजालेच नोकरीवर ठेवाव."

ते माझ्या पाठीमागच्या बाकावर होते, हातभर अंतरावर. ऐकू येऊ नये म्हणून आवाज बारीक केला होता, पण चंद्रभानभाऊंचा बारीक आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो.

बाजाराचा दिवस होता. आष्टीतलं माझं ऑनलाइन सेवा केंद्र म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर आणि एक बाक. त्यात तीसेक माणसं कोंबलेली, उरलेली दारात. सातबारा कोणालाच नको होता. सगळ्यांना अंतर्यामीनाथ महाराजांचं पान पाहायचं होतं.

चमत्कार असा, की महाराजांच्या वेबसाईटचा पत्ता टाकायचा, पुढे एक तिरपी रेघ ओढायची आणि कुणाचंही नाव लिहायचं. नाव लिहिलं की त्या नावाचं पान तयार! वर केशरी उजेड, मध्ये महाराजांचा हात, खाली त्या माणसाबद्दल एक वाक्य. कोणाचंही नाव घाला, पान नाही असं होत नव्हतं.

"आठशे कोटी पानं!" महाराजांचा सेवक सचिन दारात उभा राहून सांगायचा. गळ्यात भगवा शेला, कानात ब्लूटूथ. "महाराजांनी ध्यानात बसून एकेक लिहिलं. तुमचा जन्म व्हायचा होता, पण तुमचं पान तयार होतं. आणि हे सगळं ठेवलंय कुठे? क्लाउडमध्ये. क्लाउड म्हणजे ढग. ढग कोणाच्या ताब्यात? इंद्राच्या! बोला अंतर्यामीनाथ महाराज की..."

"जय!"

बाजाराच्या दिवशी वाक्य यायचं: अमुक वाटेत आहे, दारात दिवा ठेवा. सगळ्यांना हेच. पण म्हणून कोणाला शंका आली असेल, तर नाही. बाजाराचा वार महाराजांचा आवडता, त्या दिवशी ते सगळ्यांनाच रस्त्याला लावतात, असं ठरलं होतं. चंद्रभानभाऊंनी स्वतःचं नाव टाकलं तेव्हा 'चंद्रभान वाटेत आहे' आलं. माणूस माझ्या बाकावर बसलेला. "मोक्षाच्या वाटेत म्हनते तो," त्यांनी समजावून सांगितलं.

गर्दीतून वाट काढत मनकर्णाबाई आल्या. त्यांना मी मावशी म्हणते. दर बाजाराला खेड्यावरून येतात, आधी मेथी विकतात, मग माझ्याकडे.

"जया, धनंजयचं लाव."

मी लावलं. त्यांना वाचता येतं, पण आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवते. "धनंजय वाटेत आहे. दारात दिवा ठेवा."

"मंग ठेवतो दिवा," त्या म्हणाल्या. "डाक्टरची तारीख पुढं ढकल. पोरगं येऊ दे, मंग जाऊ वर्ध्याले."

काचबिंदू आहे मावशींना. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर याच महिन्यात ऑपरेशन. दोन तारखा हुकल्या होत्या. धनंजय हा त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात गोदामावर कामाला. तीन वर्षांत आलेला नाही.

"येईल ना गं?" जाताना त्यांनी विचारलं.

"येईल," मी म्हणाले. दर बाजाराला म्हणते.

खरं तर दिवाळीत मी त्याला फोन केला होता. तो काय बोलला ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. न सांगताही गावाला ठाऊक होतं. सगळे मावशींना येईल म्हणायचे आणि मेथीची जुडी जास्त घ्यायचे.

मी काही शाळेत कॉम्प्युटर शिकलेली नाही. नवरा गेल्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान गळ्यात पडलं, तेव्हापासून अकरा वर्षं व्हिडिओ पाहून शिकते आहे. संध्याकाळी ताट घेऊन स्क्रीनसमोर बसते. व्हिडिओतला पोरगा म्हणतो, "नमस्कार दोस्तों, कैसे हैं आप?" दिवसभरात एवढा एकच माणूस मला हे विचारतो, म्हणून एकही भाग चुकवत नाही.

गर्दी पांगल्यावर त्या दिवशी मी एक नाव टाकलं. संसारात असताना ते नाव कधी घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा अडखळले होते. महादेवराव.

'महादेवराव वाटेत आहे. दारात दिवा ठेवा.'

अकरा वर्षांपूर्वी स्मशानात पोचवलेला माणूस. खोटं कशाला बोलू, मी उठले आणि दारातून रस्त्याकडे पाहिलं. एक कुत्रं होतं, बस.

मग मला आधी हसू आलं, मग राग आला. परत येऊन बसले आणि भाजीच्या पिशवीकडे पाहून टाइप केलं: टमाटर.

'टमाटर वाटेत आहे. दारात दिवा ठेवा.'

आता मला आठवलं. मागच्या वर्षी मी केंद्राची वेबसाईट केली होती, एकाच पानाची. ते एकच पान पत्ता पाहून आपले कपडे बदलतं: कधी दाखल्यांची यादी, कधी फोन नंबर. माझा जुना लॅपटॉप सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी: कोणी मागितलं की आणून वाढतो. पहिला पत्ता उघडायचा, पण आतला पत्ता थेट मागितला की वाढपी म्हणायचा, चारशे चार, सापडलं नाही. त्या नावाचं पान खरंच नव्हतं ना! चार दिवस डोकं धरून बसले. शेवटी व्हिडिओतल्या पोरानं उपाय सांगितला. एक ओळ. मागितलेलं सापडलं नाही तर पहिलंच पान दे. लिहिली, आणि कोणताही पत्ता उघडू लागला.

महाराजांचं ध्यान म्हणजे तीच ओळ. पानाच्या पोटातला मजकूर काढून पाहिला. सात वाक्यं, सात वारांची. पान पत्त्यातून नाव उचलतं आणि फोनला वार विचारतं.

पुढच्या बाजाराला मी लॅपटॉप बाकावर मांडला आणि इंटरनेटची वायर सगळ्यांदेखत उपटली.

"आज जयाबाईचं पान पाहा," मी म्हणाले. "ढग नाही, इंद्र नाही. हाच डब्बा. याचं वायफाय पकडा. चंद्रभानभाऊ, पत्त्यापुढे तुमचं नाव टाका."

चंद्रभानभाऊंनी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर टाकलं. "सापडलं नाई म्हनते."

"म्हटलं नव्हतं?" सचिननं कीव केल्यासारखे हात जोडले. "मशीन कोणीही ठेवेल. ताकद पाहिजे, ताकद."

"थांबा. आता वाढप्याला सांगते: कोणी काहीही मागो, तू बुंदीच वाढ." मी ती ओळ लिहिली, सर्व्हर पुन्हा चालू केला. "आता पाहा."

"आईशप्पथ! 'चंद्रभान, तुमचा आवाज बारीक करा!' वयनी, हे काय हाय?"

पोटभर हसले सगळे. प्रत्येकानं आपापलं नाव टाकलं आणि प्रत्येकाला मी आवाज बारीक करायला सांगितला.

"ही नक्कल आहे," सचिन म्हणाला. "ओरिजनल ते ओरिजनल."

"मग ओरिजनल लावा. तुमच्या फोनवर. नाव टाका टमाटर."

तो लावेना. चंद्रभानभाऊंनी माझं वायफाय सोडून आपल्या फोनच्या नेटवर लावलं आणि मोठ्यानं वाचलं. दारातून कोणीतरी ओरडलं, "वाटेतच हाय ना! चाळीस रुपये किलो, हातगाडीवर!"

"आता त्याच फोनची तारीख एक दिवस मागे करा," मी म्हणाले, "आणि पान पुन्हा लावा."

त्यांनी केली. पान म्हणालं, 'टमाटरच्या घरी लक्ष्मी येईल.'

"म्हणजे महाराजाले वार माह्या फोननं सांगतला?" चंद्रभानभाऊ सचिनकडे वळले. "अन् काऊन रे, ध्यानात बसून टमाटरचं बी पान लिवलं? वांग्यानं काय घोडं मारलं?"

सचिनच्या कानातल्या ब्लूटूथवर नेमका तेव्हाच महाराजांचा फोन आला. बोलत बोलत तो स्टँडकडे गेला आणि नागपूरच्या गाडीत बसला.

मला भाषण येत नाही. एवढंच म्हणाले, "बाबांनो, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ? विचारायचंच असेल तर अशाला विचारा, जो कधीतरी 'मला माहीत नाही' म्हणतो. डॉक्टरला विचारा, मास्तरला विचारा. आणि उत्तर आलं की ताडून पाहा. तुमच्याजवळ टमाटर आहेच."

हसत हसत गर्दी बाजारात पांगली. मावशी हसल्या नव्हत्या. त्या भिंतीशी उभ्या होत्या, रिकामी टोपली पोटाशी धरून. मग चाचपडत येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"म्हनजे ते पान सगळ्याइले येईलच म्हने."

"हो मावशी."

"तुह्यासारखंच."

वर्षभर हीच एक ओळ मी चालवली होती. मावशी काहीही विचारोत, एकच पान वाढायचं.

त्यांनी टोपलीच्या तळातून घडी केलेला दवाखान्याचा कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. "हे भर. तारीख घे. जवळच्या मानसाचं नाव लिवा लागते न याच्यावर?"

"लागतं."

"कोनाचं लिवाचं ते मंग सांगतो. पह्यले एक सांग. दिवाळीले तू फोन केलता त्याले. काय बोल्ला?"

येईल, हा शब्द जिभेवर आलाच. सवयीनं. मी तो गिळला.

"केला होता, मावशी. तो येणार नाही म्हणाला. कधीच नाही."

त्यांनी कागदावरून हात फिरवला, रेघ सापडेपर्यंत. बोट तिथेच ठेवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "मंग तुहं लिव."